अंधार पडायच्या आत

हात पुढे आला. त्याने तो धरला, "आपण आलात, आनंद झाला" असं परक्या भाषेत म्हटलं आणि मनगटाला अगदी बारीकसा हिसका देऊन तो हात डावीकडे सरकवला. या हिसक्याची गंमत अशी की तो पाहुण्याला कळत नाही. त्याला वाटतं, आपण आपल्या मर्जीनेच पुढे निघालो. पहिल्या नेमणुकीवर आधीच्या राजदूताने निरोपाच्या चहाला ही युक्ती शिकवली होती. दुसरी अशी, की माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही, दोन भुवयांच्या मधे बघायचं. डोळ्यांत बघितलं की माणूस थकतो. एका संध्याकाळी एवढे डोळे कुणाला पेलतात? नौदलातल्या कवायतीसारख्या त्याने दोन्ही युक्त्या अंगवळणी पाडून घेतल्या होत्या. पण हा हात हिसक्याने सरकला नाही. धक्क्यावरच्या खुंटाला दोर अडकावा तसा क्षणभर अडकला आणि मग आपला आपणच सुटला. हाताच्या मालकिणीने उत्तरादाखल काही म्हटलंही नाही. उजवीकडे उभा राहून प्रत्येकाचं नाव त्याच्या कानात सांगणारा सचिवसुद्धा गप्प होता, आणि सचिव गप्प म्हणजे पाहुणा बिनमहत्त्वाचा, कुणा व्यापाऱ्याची बायको नाहीतर कुणाच्या बायकोची बहीण, असं तो धरून चालला. पुढचा हात एका बँकवाल्याचा होता, घामट. त्याच्यानंतर एक प्राध्यापक. प्राध्यापकाला सरकवताना त्याची नजर सहज दालनात गेली आणि त्याला ती पाठ दिसली. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरलेला. त्याच्या आईचा खांदा असाच होता, आणि मधे त्याला वगळून तो तिच्या नातीकडे आला होता. ती त्याची मुलगी होती, आणि तिला त्याने आत्ताच परक्या भाषेत आनंद झाल्याचं सांगून पुढे ढकललं होतं.

"कसं वाटलं सरप्राइज, सर?" सचिव कानाशी कुजबुजला. "फाटकावर पासपोर्ट दाखवला तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, मुद्दाम नाव सांगायचं नाही."

"उत्तम," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? सचिव बिचारा खूश होऊन पुढच्या पाहुण्याचं नाव सांगायला लागला.

हात येत होते, जात होते. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं. ते आता त्याच्यावर अवलंबून राहिलेलं नव्हतं. आत मात्र वकिली चालू होती. तिने केस कापलेत. चष्मा लागलाय. कानाशी पांढरे आलेत, आपल्या मुलीचे केस पांढरे होतील हे कुणाच्या ध्यानात येतं? शिवाय ती येणार असं कळवलं नव्हतं, तिचा उजवा हात कधी हातात घ्यायची वेळच आली नव्हती. आपल्या मुलीशी हस्तांदोलन कोण करतं? सगळी कारणं पटण्यासारखी होती. पटण्यासारखी कारणं देणं हाच आता त्याचा धंदा होता. फोनवर तिचा चेहरा दिसला असता, पण कित्येक महिने तो चित्र बंदच ठेवत होता. "इथलं नेट बरोबर नाही गं." खरं म्हणजे नेट झकास होतं. पूर्वी बोलता बोलता ती फोन आईकडे वळवायची, आणि खिडकीशी, मांडीवर पर्स घेऊन, कुठेतरी निघायच्या तयारीत बसलेली त्याची बायको, कपाळाला आठी घालून, त्या एवढ्याशा काचेत त्याला शोधायची. ती आठी त्याला बघवत नव्हती. माणसाने तरुणपणी वादळं बघितली म्हणून म्हातारपणी सगळंच बघवतं असं थोडंच आहे.

नौदलात त्याला 'लंगर' म्हणत. एकदा पडला की हलायचा नाही म्हणून. नाव ठेवणाऱ्यांनी प्रेमाने ठेवलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं, जरी हलणाऱ्या माणसाला ते कसं काय शोभावं हे बायकोला कधी कळलं नाही. "लंगर म्हणे! घरात कधी पडलाय का हा लंगर?" असं ती मित्रांसमोर म्हणायची आणि सगळे हसायचे, तोही हसायचा. कोवळ्या वयात तो समुद्रावर गेला, लहान जहाजांवरून मोठ्या जहाजांवर, मग एका जहाजाचा कप्तान, मग अनेक जहाजांचा, आणि शेवटी खांद्यावर एवढ्या पट्ट्या चढल्या की जहाजावर जायचंच थांबलं. टेबलापाशी बसून समुद्र हलवायचा. त्या सगळ्या वर्षांत भाषा सरळ होती. आपण हुकूम द्यायचा, सुकाणूवाल्याने तो जसाच्या तसा मोठ्याने उलट म्हणायचा, मगच चाक फिरवायचं. म्हटलेलं आणि ऐकलेलं यांच्यात केसाएवढी फट राहिली तर जहाज खडकावर. निवृत्तीच्या वेळी सरकारने बक्षीस म्हणून राजदूत केलं आणि या नव्या धंद्यात सगळी मजा त्या फटीतच आहे हे त्याला हळूहळू उमगलं. होय म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. "विचाराधीन आहे." "आपल्या भावना पोचवतो." पहिल्या वर्षी जीभ अडखळायची. मग सरावली. मग एक दिवस पोटदुखी कशी आहे असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे," आणि डॉक्टर हसले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण विनोद केला नव्हता.

डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. ती यजमानीणबाईंची. पहिल्या नेमणुकीवर बायको तिथे उभी राहायची आणि त्याच्यापेक्षा कितीतरी बरी उभी राहायची. तिला पाहुण्यांची मुलंबाळं, ऑपरेशनं, परीक्षा सगळं पाठ असायचं. नंतर नावं गळायला लागली. लोकांना वाटलं, दमली असेल. मग एका संध्याकाळी तिने एकाच मंत्र्याच्या बायकोला तीनदा आपली ओळख करून दिली. तिसऱ्या वेळी त्या बाईने त्याच्याकडे बघितलं, अगदी ओझरतं. पुढच्याच आठवड्यात त्याने बायकोला घरी पाठवलं. "तात्पुरती जा. तिथे तुला आपल्या माणसांत बरं वाटेल," असं तो म्हणाला, आणि मुलीला फोनवर म्हणाला, "इथली हवा तिला मानवत नाही." हवेचा काही दोष नव्हता. रांग अडत होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. पण आता त्या मोकळ्या जागेकडून गार वारा यावा तसं त्याला डाव्या अंगाला वाटत होतं.

आणि त्या जागेत कुणीतरी येऊन उभं राहिलं. मुलगी. दालनातून फिरून मागच्या बाजूने आली आणि तिथे उभी राहिली, जशी काही तिची रोजचीच जागा. समोर एक लठ्ठ गृहस्थ आला होता. बापाकडून सरकून आलेला हात तिने घेतला, हसली, मान लववली आणि पुढे जाऊ दिला. हिसका तिला येत नव्हता.

"ओळखलं नाहीत," ती म्हणाली. समोर बघत, हसत.

"अगं, सचिवाने नाव सांगितलं नाही."

"नाव सांगावं लागतं?"

एक जोडपं आलं. आपण आलात, आनंद झाला. जोडप्यातली बाई मुलीकडे बघून गोड हसली आणि पुढे गेली.

"आईला आजार आहे," मुलगी म्हणाली. "तुम्हाला काय झालंय?"

त्याने पुढचा हात धरला. रांगेत एक धर्मगुरू होता, मग दोन पत्रकार. पत्रकारांचे हात नेहमी घाईत असतात. मुलीच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच त्याला धसका बसला. ती दमलेली होती, ओझं खाली ठेवायला जागा शोधणाऱ्या माणसासारखी.

"आई इथे आहे," ती म्हणाली.

"इथे म्हणजे?"

"इथे म्हणजे इथे. तुमच्या या घरात. बागेकडच्या खोलीत, पाहुण्यांचे कोट ठेवलेत तिथे बसवलंय. नर्स आहे सोबत. हसत राहा, ते गृहस्थ बघतायत."

त्याने हसत राहून त्या गृहस्थांना सरकवलं. हात कोरडा होता की ओला, मऊ की राठ, काही कळलं नाही.

"विमानातून आणलीस? या अवस्थेत?"

"मग काय करू? तुम्ही तीनदा येतो म्हणालात. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. म्हणजे ती आहे, पण ओळखण्याचे दिवस नाहीत. आज दुपारपासून छान आहे. किती तरी दिवसांनी इतकी छान. तुमचं नाव घेतलं, माझं घेतलं. विमानतळावर म्हणाली, यांना इस्त्रीचे शर्ट मिळतात का गं इथे?" मुलीचं हसू एवढ्या वेळात पहिल्यांदा जरा हललं. "पण बाबा, सूर्य उतरला की जातं सगळं. रोज. उजेड गेला की ती दुसरीकडेच असते. अंधार पडायच्या आत या. दोन मिनिटं. जास्त नको."

दालनाच्या पश्चिमेकडच्या उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि गालिच्यावर लांबच लांब पडलं होतं, पार भिंतीपाशी ठेवलेल्या पियानोच्या पायापर्यंत. त्याने त्या उन्हाकडे पूर्वी कप्तानाच्या नजरेने बघितलं असतं. उजेड किती उरलाय, तेवढ्यात किती पाणी कापता येईल. दोन मिनिटं. रांगेतून बाहेर पडायचं, सचिवाला सांगायचं, जरा पुढे हो, आलोच. यात अवघड काही नव्हतं. पण परराष्ट्रमंत्री निघाले होते. त्यांच्या गाड्या नदीवरच्या पुलापर्यंत आल्याचा निरोप सचिवाने नुकताच दिला होता, आणि मंत्री आज केवळ खायला-प्यायला येत नव्हते. त्याची मुदत वाढली होती. त्याच्या सरकारने विचारलं, यांच्या सरकारने आनंद दर्शवला, त्याने गेल्या आठवड्यात संमती दिली, आणि मंत्री आज चार लोकांत ते जाहीर करणार होते. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्षअखेर तो कायमचा घरी येणार म्हणून ती दिवस मोजत होती. मंत्र्याची गाडी दारात आणि यजमान गायब, असं जन्मात कुठे झालं नव्हतं.

"एवढे मंत्री येऊन जाऊ देत," तो म्हणाला. "आत घेतो त्यांना आणि लगेच येतो."

"बाबा."

"पुलावर आलेत गं. आता येतीलच."

दोन-तीन हात तिने आणखी घेतले, मग मागच्या मागे निघून गेली आणि त्याची डावी बाजू पुन्हा मोकळी झाली.

मंत्री काही येईनात. कुठेतरी पुलाच्या अलीकडे एक मालट्रक उलटला होता म्हणे, सगळी वाहतूक तुंबली होती. रांग संपली. आता तर हात हलवायचंही काम नव्हतं. तो दाराशी नुसता उभा होता, सचिव फोन कानाला लावून त्याच्या शेजारी, आणि दालनात ग्लासांची किणकिण आणि लोकांचा गलका. ऊन पियानोच्या पायावरून वर चढलं, लाकडावर तांबूस झालं. जा की, त्याने स्वतःला म्हटलं. आत्ता जा. कोण अडवतंय? पाय उचलला असता तर उचलला गेला असता, पण आपण गेलो आणि तेवढ्यात ते आले तर, हा विचार त्याला अशा ठिकाणी धरत होता जिथे विचार पोचूच नयेत. यजमानाने जागा सोडायची नाही. कप्तानाने सगळ्यांत शेवटी उतरायचं. समुद्रावरून महिनोन् महिन्यांनी जहाज परत येई तेव्हा धक्क्यावर बायकापोरं उभी असायची. आधी खलाशी उतरत, मग अधिकारी, आणि सगळे आपापल्या माणसांना बिलगून पांगले की मग कप्तान. त्याचा त्याला कोण अभिमान! वरून तो बघत असायचा, धक्का रिकामा होत होत शेवटी एकच बाई उरायची, खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन. "तुमचा आचारी उतरला की मी केस सारखे करते," ती म्हणायची, "त्याच्या आधी काही उपयोग नाही." तो हसायचा. वरून हात हलवायचा. तिच्यापर्यंत उतरायला त्याला खरं तर काही क्षण लागले असते, पण नियम त्याने केला नव्हता, तो फक्त पाळत होता. आणि एखादा दिवस नियम मोडून तो पहिला उतरला असता तर जहाज बुडालं असतं का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आज, इतक्या वर्षांनी, दाराच्या उंबऱ्यावर उभं असताना पहिल्यांदा आला. आणि आला तो इतक्या साळसूदपणे, जसा काही कायमचा शेजारी राहत होता. छातीवरची छोटी पदकं एकमेकांवर वाजली, एवढाच काय तो आवाज त्याच्या अंगातून बाहेर पडला.

"आले, सर!" सचिव म्हणाला.

मंत्री हसत, माफी मागत, दोन्ही हात पसरून आले. मोठा प्रेमळ माणूस. त्यांच्या खांद्याला खांदा लावून तो आत गेला, आणि त्याला वाटलं होतं त्याप्रमाणे तिथून सटकता आलं नाही, कारण मंत्र्यांना उशीर झाला होता म्हणून त्यांनी लगेच बोलायचं ठरवलं. ग्लास वाजवून शांतता मागितली गेली. एके काळी तोफा सांभाळणाऱ्या या हातांनी आमच्या दोन देशांची मैत्री कशी सांभाळली, असं मंत्री म्हणाले आणि लोक खूश झाले. हे आम्हाला सोडून जाणार म्हणून आम्ही कष्टी होतो, पण आता मला सांगायला आनंद वाटतो की ते आणखी दोन वर्षं इथेच राहणार आहेत. टाळ्या झाल्या. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली, आणि मान वर करताना दालनाच्या टोकाशी, बागेकडच्या दारात मुलगी दिसली. ती त्यालाच बोलवायला आली असावी. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने हे सगळं ऐकलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. एखाद्याच्या घरी जावं आणि कुलूप बघून परत फिरावं, तशी ती वळली. तिच्यामागच्या काचेत बाग काळी झालेली होती.

तो निघाला. कुणीतरी कोपराला धरलं, कुणीतरी अभिनंदन म्हणालं, सचिव "सर, फोटो" म्हणत होता. त्याने सगळ्यांना हातानेच थोपवलं आणि जवळजवळ धावत गेला. मागच्या बोळात थंडी होती. एका बाजूला बागेची काच, एका बाजूला स्वैपाकघराची भिंत आणि टोकाला ती खोली. आपल्याला बघून बायको काय म्हणेल? शर्टाचं विचारेल. हो म्हणू, मिळतात, रोज मिळतात. जवळ बसू, हात हातात घेऊ, उशीर झाला म्हणू. मंत्र्यांना उद्या कळवू की घरची परिस्थिती. तो खरंच हे सगळं करणार होता. बोळातल्या त्या चार पावलांत त्याला स्वतःविषयी शंका नव्हती.

खोलीत दिवा लागलेला होता. तिन्ही भिंतींना पाहुण्यांचे कोट टांगलेले, काळे, करडे, ओलसर लोकरीचा वास, आणि त्यांच्या मधोमध खुर्चीत त्याची बायको, पाठ ताठ, मांडीवर पर्स. केवढीशी झाली होती. मुलगी भिंतीशी उभी होती आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही. नर्स बाहेर निघून गेली. बायकोने मान वर केली. आधी तिला त्याचा काळा कोट दिसला, मग छातीवरची पदकं, मग तोंड. आणि तोंडापाशी आल्यावर तिची नजर थबकली. ती उठून उभी राहिली.

"या. बसा ना," ती म्हणाली. आवाज जुनाच, स्वच्छ, घरंदाज. "एकटेच आलात? दोघं येतात नेहमी."

त्याला कळलं नाही. आणि मग कळलं. नौदलात एखादा माणूस परत आला नाही की त्याच्या घरी फोन करत नाहीत, तार पाठवत नाहीत. दोन अधिकारी, इस्त्रीच्या गणवेशात, पदकं लावून, त्याच्या दारी जातात आणि उभ्या उभ्या सांगतात. तो गेला होता अशा घरी, एकदा नाही, आणि कप्तानाची बायको म्हणून ही प्रत्येक वेळी सोबत आली होती. त्याची तर दातखीळ बसायची. सांभाळायची तीच. बायका दार उघडत आणि पदकं बघितल्याबरोबर त्यांच्या तोंडावर जे येई, ते आता हिच्या तोंडावर आलं होतं.

"अगं, मी आहे," तो म्हणाला. "मीच आलोय. नीट बघ."

तिने नीट बघितलं. थेट त्याच्या डोळ्यांत, बराच वेळ, मनापासून. इतक्या मनापासून त्याच्याकडे कुणी कैक वर्षांत बघितलं नव्हतं. त्याने भुवयांच्या मधे नजर लपवली नाही. तिला तिथे कुणीही सापडलं नाही.

"तुम्ही त्यांचे वरचे साहेब असाल," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. "वयाने मोठे दिसता. ते अजून चाळिशीचेसुद्धा नाहीत."

"आई, अगं, हे बाबाच आहेत," मुलगी म्हणाली.

"थांब गं. त्यांना बोलू दे. अवघड असतं ते." ती हळूच खाली बसली. पर्सच्या कडीवर तिची बोटं पांढरी झाली होती. कपाळावर तीच आठी, त्या एवढ्याशा काचेतून त्याला शोधणारी, आणि आता ती अगदी हाताच्या अंतरावर होती. "किती दिवस झाले, रोज वाट बघते. रोज तयार होऊन बसते. हिला काही कळत नाही, ही म्हणते, येतील, येतील. मी म्हणते, असे येत असतात का कुठे? काहीतरी झालंय. तुम्ही मला खरं सांगा. सांगाल ना?"

मागे बोळात पावलं वाजली. "सर," सचिव दारातून दबक्या आवाजात म्हणाला, "मंत्री निघतायत. दारापर्यंत..."

तो वळला नाही. उत्तरं त्याच्याजवळ पुष्कळ होती. परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. आपल्या भावना पोचवतो. ती सगळी जिभेपर्यंत आली आणि त्याच्या लक्षात आलं की यांतलं कुठलंही उत्तर दिलं तर ती उद्या पुन्हा तयार होऊन बसेल. परवा बसेल. पर्स मांडीवर घेऊन, खिडकीशी, उजेड जाईपर्यंत. आणि मी आहे, मी आहे असं तो घसा फोडून ओरडला, तरी तिच्या लेखी एक परका म्हातारा ओरडत असेल.

"त्यांना," तिने विचारलं, "त्रास झाला का फार?"

"नाही," तो म्हणाला.

सरळ, स्वच्छ, एका शब्दाचं उत्तर. त्याचा आवाज ऐकून मुलीने मान वर केली. भिंतीला पाठ लावून ती खाली सरकत गेली आणि कुणाच्या तरी लांब कोटात तोंड खुपसून रडायला लागली.

बायको रडली नाही. तिने एक लांब श्वास सोडला. कपाळावरची आठी उलगडली, बोटं सैल झाली, आणि तिने पर्स मांडीवरून उचलून जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी ठेवली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आता वाट बघायला नको."

सचिव दारातच होता. बाहेर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. सचिवाकडे पाठ करून तो तिच्यासमोर तसाच उभा होता, हात खाली सोडून, बसावं की जावं ते न कळून.

"अगं, रडतेस काय नुसती?" ती मुलीला हळूच रागावली. "त्यांना आधी पाणी दे. फार लांबून आलेत."